सोलर टाका, पण आधी एका गुरुवारी कंप्रेसरपाशी जाऊन बसा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भोसरीतलं मशिन शॉप, दोन शेड, अठरा सीएनसी आणि व्हीएमसी (संगणकाने चालणारी कटिंग मशिन), दोन हायड्रॉलिक प्रेस, मशिनना दाबाची हवा पुरवणारा ३० किलोवॅटचा एक स्क्रू कंप्रेसर, ऑफिसात सहा एसी, दोन पाळ्या, महिन्याला साधारण चाळीस हजार युनिट वीज. मोठ्या ग्राहकाकडून 'पर्यावरणासाठी तुम्ही काय करता' असा लांबलचक फॉर्म आला. मालकांनी पाच लाख मंजूर केले आणि म्हणाले, छपरावर सोलर टाकू. तुम्ही मेंटेनन्स बघता आणि विचारताय, यात मेंटेनन्सवाल्याच्या हातात खरंच काही आहे का, की फॉर्म भरून फोटो लावायचे आणि विसरायचं?

आहे. बरंच आहे. मी पंचवीस-एक वर्षं हेच काम करतोय, त्यातली बहुतेक चिंचवड-भोसरी-चाकण याच पट्ट्यात.

आधी फॉर्मबद्दल. सेबीने बाजारमूल्यानुसार वरच्या एक हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर (व्यवसायाच्या पर्यावरण-सामाजिक जबाबदारीचा) अहवाल सक्तीचा केला. त्या अहवालात वीज, पाणी, कचरा, उत्सर्जन असं सगळं भरावं लागतं, आणि ते भरताना ओघानेच पुरवठादारांकडे विचारणा होते. म्हणजे हा फॉर्म पुढच्या वर्षी पुन्हा येणार, आणि तेव्हा 'मागच्या वर्षीपेक्षा किती कमी झालं' हा रकाना असणार. सोलरचा फोटो एकदाच लावता येतो.

आता पाच लाखांचा हिशेब. कारखान्याच्या छपरावरचं सोलर आज ढोबळमानाने किलोवॅटला पंचेचाळीस-पन्नास हजारांना पडतं, म्हणजे पाच लाखांत दहा किलोवॅट. आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं, म्हणून दहाचे झाले १४,०००. तुमचा वर्षाचा वापर ४ लाख ८० हजार. तीन टक्के. वाईट नाही, पण तुमच्या हवेच्या लाइनमधून याहून जास्त उडून जात असण्याची शक्यता मोठी आहे. माझं म्हणणं एवढंच की जे गळतंय ते आधी थांबवा. हवा, ऑइल, गॅस, पाणी. मग उरलेल्या गरजेला सोलर लावा.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, हेही मान्य करतो. गाळा भाड्याचा असेल तर छपरावर आणि पाइपलाइनवर खर्च करताना हात आखडता घ्यावा लागतो. तुमच्या दोन पाळ्यांऐवजी एकच असती तर खाली दिलेले विजेचे आकडे निम्मे झाले असते. आणि ग्राहकाने कूलंट (धातू कापताना सोडायचं ऑइल-पाण्याचं मिश्रण) किंवा वॉशिंग केमिकलचा ब्रँड ठरवून दिला असेल तर तिथे तुमचं काही चालणार नाही.

सुरुवात कंप्रेसरपासून, कारण बहुतेक शॉपमध्ये सगळ्यात महाग 'युटिलिटी' तीच असते आणि हवा फुकट आहे असं सगळ्यांना वाटतं. गुरुवारी सुट्टी असते तेव्हा एक तास जा. सगळी मशिन बंद, हवेची लाइन मात्र चालू. कंप्रेसर चालू करा, प्रेशर भरू द्या आणि घड्याळ लावून बसा. कुणीच हवा वापरत नसताना कंप्रेसर किती सेकंद लोडवर (हवा भरत) जातो, किती सेकंद अनलोडवर (नुसता फिरत), याच्या दहा फेऱ्या लिहून काढा आणि सरासरी घ्या. लोडचा वेळ भागिले लोड अधिक अनलोड, गुणिले शंभर. समजा ४० सेकंद लोड आणि ८० सेकंद अनलोड आले, तर गळती ३३ टक्के. आकडा ऐकून दचकू नका. ज्या लाइनकडे कुणी लक्ष दिलेलं नाही तिथे वीस-तीस टक्के गळती ही नेहमीची गोष्ट आहे. व्यवस्थित ठेवलेल्या लाइनवर ती दहाच्या आत येते.

इथे एक चूक बरेच ऑडिटवालेही करतात. गळती ३३ वरून १० वर आणली म्हणजे कंप्रेसरची २३ टक्के वीज वाचली, असं ते लिहून देतात. तसं होत नाही. फिक्स स्पीडचा स्क्रू कंप्रेसर अनलोडवरही फुल लोडच्या पंचवीस-पस्तीस टक्के वीज खातोच. तुमचा ३० किलोवॅटचा कंप्रेसर फॅन धरून लोडवर समजा ३३ घेतो आणि अनलोडवर १०. वाचतो तो मधला फरक, २३ किलोवॅट. त्याचे २३ टक्के म्हणजे ५.३ किलोवॅट, गुणिले वर्षाचे ४,८०० तास. पंचवीस हजार युनिट. युनिटला नऊ रुपये धरले तरी सव्वादोन लाख. एवढ्या विजेसाठी अठरा किलोवॅटचं सोलर लागलं असतं. आणि गळती काढायचा खर्च? पीयू पाइप, वनटच फिटिंग, टेफ्लॉन टेप, दोन-चार एफआरएल (हवा गाळून दाब ठरवणारे संच), काही बॉल व्हॉल्व्ह आणि एक सुट्टीचा दिवस.

गळती कुठे असते ते सांगतो, म्हणजे शोधायला वेळ जाणार नाही. क्विक कपलर, एफआरएलचं बाउल, ब्लेडने तिरपा कापून फिटिंगमध्ये कोंबलेला पीयू पाइप, सिलेंडरच्या रॉडचं सील. साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून फिरा; शांत शेडमध्ये अर्ध्या गळत्या कानालाच सापडतात. आणि एक खास आपल्याकडची. पावसाळ्यात लाइनमध्ये पाणी येतं म्हणून हेल्पर शेवटच्या ड्रेनचा कॉक किंचित उघडा ठेवतो, आणि तो कॉक दिवाळीपर्यंत तसाच फुसफुसत राहतो. त्या पोराला ओरडू नका, त्याने त्याच्या परीने मशिन वाचवलंय. ऑटो ड्रेन बसवा आणि ड्रायर चालतोय का ते बघा. तीन मिलिमीटरचं भोक सात बारला वीस-पंचवीस सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा सोडतं. तुमच्या कंप्रेसरची एकूण ताकद १८०च्या आसपास असेल, यावरून अंदाज करा.

मग प्रेशर. एक बार कमी केला की कंप्रेसरची वीज सहा-सात टक्क्यांनी कमी होते. हे वाचून लगेच नॉब फिरवायला जाऊ नका. मी गेलो होतो. एका शॉपमध्ये एका दुपारी साडेसातवरून थेट सहावर आणलं, रजिस्टरमध्ये ऐटीत नोंद केली आणि घरी गेलो. रात्री अडीचला फोन. शेवटच्या शेडमधल्या तीन व्हीएमसी टूल अनक्लॅम्पच्या (टूल सुटत नसल्याच्या) अलार्मवर उभ्या. अनक्लॅम्पच्या बूस्टर सिलेंडरला पुरेसा दाब मिळत नव्हता, कारण कंप्रेसरपासून तिथपर्यंत लाइनमध्येच एक बारच्या वर दाब पडत होता. सकाळी लाइन फिल्टर उघडला तर एलिमेंट काळंकुट्ट. खरा दोष तो होता, आणि आधीच्या कुणीतरी त्यावर उपाय म्हणून प्रेशर वाढवून ठेवलं होतं. फिल्टर बदलला, दोन शेडच्या लाइनची टोकं जोडून रिंग केली, आणि मग आठवड्याला पाव बार करत ६.२ वर आणलं. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: आधी गळती, मग फिल्टर आणि पाइप, सगळ्यात शेवटी नॉब.

कंप्रेसर रूमही एकदा बघा. रेडिएटरची गरम हवा फिरून परत सक्शनला येते का? आत घेतली जाणारी हवा दर चार अंशांनी तापली की एक टक्का वीज जास्त लागते. एक पत्र्याचा डक्ट करून ती हवा बाहेर सोडली की काम झालं.

आता कूलंट. तुमच्या भागातल्या कुठल्याही शॉपमध्ये शुक्रवारी सकाळी शटर उघडलं की एक वास येतो, तो तुम्हाला मी सांगायला नको. गुरुवारभर सम्प (मशिनखालची कूलंटची टाकी) शांत उभा असतो, स्लाइडवेचं (मशिनच्या सरकत्या भागांचं) ऑइल वर तरंगून झाकण घातल्यासारखा थर धरतं, खाली ऑक्सिजन संपतो आणि मग तिथे जे जिवाणू वाढतात त्यांचा तो सडक्या अंड्यासारखा वास. यावर बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो, सम्प उपसा आणि नवीन भरा. अठरा मशिन, सरासरी दोनशे लिटर. एका खेपेला साडेतीन हजार लिटर घाण इमल्शन. वर्षातून चार वेळा. ते जातं कुठे, हा प्रश्न तुमच्या फॉर्ममध्ये असेलच. नाल्यात जात असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी ते थांबवा. तो गुन्हा आहे, आणि तो नाला पवना-इंद्रायणीलाच जाऊन मिळतो.

कूलंट महिन्यांऐवजी वर्षभर टिकवता येतं, आणि त्यासाठी फार शहाणपण लागत नाही. हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर (मिश्रण किती दाट ते दाखवणारा), पीएचच्या पट्ट्या आणि बेल्ट स्किमर (वर तरंगणारं ऑइल काढणारा पट्टा). स्किमर प्रत्येक मशिनला नको, चाकांच्या स्टँडवरचे दोन पुरतात. बुधवारी शेवटच्या पाळीत पाळीपाळीने फिरवायचे. कॉन्सन्ट्रेशन रोज सकाळी बघायचं, आणि रिफ्रॅक्टोमीटरच्या आकड्याला कूलंटच्या डेटाशीटमधल्या फॅक्टरने गुणायचं. हे गुणणं निम्म्या ठिकाणी कुणी करतच नाही. पीएच नऊच्या आसपास असतो. तो साडेआठच्या खाली सरकू लागला की आत जिवाणूंचं बस्तान बसतंय असं समजायचं. वास त्यानंतर बऱ्याच दिवसांनी येतो.

टॉपअपला बोअरचं पाणी वापरत असाल तर तेही बदला. सम्पमधून वाफ होते ती शुद्ध पाण्याची. क्षार मागेच राहतात आणि दर टॉपअपला साठत जातात. काही महिन्यांत इमल्शन फुटतं आणि मशिनवर चिकट थर बसतो. ऑफिसच्या आरओचं नव्हे, सॉफ्टनरचंही नव्हे (त्यात क्षार जात नाहीत, फक्त बदलतात), टॉपअपसाठी एक वेगळा छोटा डीएम (पाण्यातले क्षार काढणारा) किंवा आरओ युनिट घ्या. मिसळताना पाण्यात ऑइल ओतायचं, ऑइलमध्ये पाणी नाही. आणि नुसतं पाणी कधीच टाकायचं नाही. एक-दोन टक्क्यांचं पातळ मिश्रण टाकायचं.

वर तरंगणारं ऑइल येतं कुठून, हेही शोधा. ऑटो ल्युब पंपाचा टायमर कुणीतरी कधीतरी 'जरा जास्तच बरं' म्हणून वाढवलेला असतो. मशिनच्या मॅन्युअलमधला आकडा बघून तो परत जागेवर आणा. स्लाइडवे ऑइलचा ड्रम आधी महिनाभर पुरत असेल तर पुढचा किती दिवस पुरतो ते स्टोअरवाल्याला विचारा. शिवाय ऑपरेटरचे हात बघा. कोपरापर्यंत पुरळ असेल तर कूलंट बिघडलंय हे सांगायला पीएच पट्टीची गरज नाही.

हायड्रॉलिक प्रेसच्या ऑइलबद्दल लोक दोन टोकांना असतात. एक, पीएम (ठरावीक देखभालीच्या) शीटवर वर्षाची तारीख आली की चारशे लिटर ऑइल ओतून देणारे. दुसरे, काळं पडलं तरी चालतंय म्हणणारे. मधला रस्ता म्हणजे नमुना. मशिन चालू आणि ऑइल गरम असताना टाकीच्या मध्यातून शंभर-दोनशे मिली काढा, तळाचा गाळ नको. लॅबकडून चार गोष्टी मागा: व्हिस्कॉसिटी, आम्लता, पाणी आणि एनएएस क्लास (ऑइलमध्ये कण किती आहेत). व्हिस्कॉसिटी नवीनच्या दहा टक्क्यांत आहे, आम्लता वाढलेली नाही, फक्त कण जास्त आहेत, असं आलं तर ऑइल म्हातारं नाही, मळलंय. फिल्टर ट्रॉली भाड्याने आणून दोन दिवस फिरवली की ते पुन्हा वर्ष काढतं. मात्र ४० लिटरच्या टाकीसाठी हा खटाटोप करू नका. टेस्टिंगचे पैसे ऑइलपेक्षा जास्त होतात. आणि तापमान सांभाळा. साठ अंशांच्या वर दर दहा अंशांना ऑइलचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, म्हणून ऑइल कूलरच्या जाळ्या साफ करणं हे सुद्धा पर्यावरणाचंच काम आहे, फॉर्ममध्ये त्याला रकाना नसला तरी.

'बायो' ऑइलवाला तुमच्याकडे येईलच. वाईट नसतं, पण जुन्या सीलना आणि जुन्या ऑइलला ते चालेल का हे लेखी घेतल्याशिवाय टाकीत एक थेंब घालू नका. माझ्या मते न गळणारं साधं ऑइल हे गळणाऱ्या बायो ऑइलपेक्षा चांगलं.

जळकं ऑइल २०१६च्या घातक कचरा नियमांत ५.१ या वर्गात येतं, ऑइलने माखलेले बोळे ३३.२ मध्ये. नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही, अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं, फॉर्म १० चा मॅनिफेस्ट (कचरा कुणाकडे गेला त्याचा कागद) घ्यायचा आणि वर्षाचा फॉर्म ४ तीस जूनच्या आत भरायचा. दारात रोख पैसे देऊन ड्रम उचलून नेणारा टेम्पोवाला अधिकृत नसतो. बोळे, गाळ वगैरे जाळण्या-पुरण्याजोगा माल रांजणगावच्या सुविधेकडे जातो. कागदपत्रं नीट असली तर तुमच्या फॉर्मची दोन पानं तिथेच भरतात.

एसीच्या गॅसबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. 'दर उन्हाळ्यात गॅस टॉपअप' ही नोंद तुमच्या एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) वहीत असेल. गॅस वापरून संपत नसतो. टॉपअप लागला म्हणजे तो बाहेर गेला. तुमचे जुने एसी आर-२२ वर असतील तर त्या गॅसचा एक किलो हवेत गेला की १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. आपल्या ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण ०.७ किलो धरतात. म्हणजे एक किलो गॅस हा साधारण अडीच हजार युनिट विजेइतका. बाहेरचा पाइप खोलून फुस्स करून गॅस सोडणारा टेक्निशियन वर्षभराच्या एलईडी बचतीवर पाच मिनिटांत पाणी फिरवतो. एएमसीत दोन ओळी घाला: नायट्रोजन भरून गळती शोधल्याशिवाय टॉपअप नाही, आणि गॅस काढायचा झाला तर रिकव्हरी मशिनने सिलेंडरमध्ये, वजन लिहून. आर-२२ भारतात २०३० पर्यंत बंद होतोय. त्यामुळे कंप्रेसर गेलेल्या जुन्या एसीवर खर्च करू नका, नवा आर-३२चा घ्या, ज्याचा परिणाम आर-२२च्या निम्म्याहून कमी आहे.

मोटरचंही असंच. जळली की वाइंडिंग भरून आणायची, आठ-दहा हजारांत काम होतं. एकदा ठीक आहे. पण वाइंडिंगवाला जुनी तार काढायला मोटर भट्टीत किंवा गॅसच्या ज्योतीवर जास्त तापवतो, स्टॅम्पिंगमधलं इन्सुलेशन जातं आणि दर खेपेला एखादा-दोन टक्के कार्यक्षमता कमी होते. मी मोटरच्या अंगावर पेंटने खुणा करतो. दोन रेघा दिसल्या की तिसऱ्यांदा भरत नाही. दोन पाळ्यांत चालणारी ११ किलोवॅटची मोटर चार टक्क्यांनी मागे असेल तर वर्षाला दोन हजारांच्या आसपास युनिट जास्त खाते. नवी आयई-३ (जास्त कार्यक्षम वर्गाची) मोटर साधारण दोन-अडीच वर्षांत पैसे फेडते. पण दिवसातून तासभर चालणाऱ्या मोटरला हा नियम लावू नका, ती भरूनच आणा. आणि एक बारकावा: आयई-३ मोटर किंचित जास्त वेगाने फिरते. पंखा किंवा पंप असेल तर त्या वाढीव वेगामुळे तो उलट जास्त वीज ओढतो. बेल्टवर असेल तर पुली बदला.

इमारतीचं थोडक्यात. सुट्टीच्या आदल्या रात्री आणि सुट्टीनंतर सकाळी पाण्याच्या मीटरचे आकडे लिहा. फरक आला तर बॉलकॉक, संडासातलं फ्लश नाहीतर जमिनीखालची लाइन. छपराला दिवसा दिवे लागत असतील तर दर काही पत्र्यांमागे एक पारदर्शक पत्रा टाका, असलेला धुऊन घ्या. मे महिन्यात पन्हळी साफ करायला माणूस चढतोच, त्याच्याच हातून हे होतं. मात्र सिमेंटच्या पत्र्यावर चढणार असेल तर फळ्या आणि हार्नेस हवाच, तो पत्रा माणसाचं वजन पेलत नाही.

तर तुमचे पाच लाख मी असे लावीन. हवेची गळती, ऑटो ड्रेन आणि रिंग लाइन यांना एक ते सव्वा लाख. स्किमर, रिफ्रॅक्टोमीटर आणि छोटा डीएम प्लांट यांना साधारण तेवढेच. कंप्रेसर आणि दोन्ही शेडला वेगवेगळे वीज मीटर, कारण नाहीतर पुढच्या वर्षी फॉर्मवर लिहायला आकडाच नसेल. दोन मोटर. उरलेले राखून ठेवा. सोलर वर्षभराने, कमी झालेल्या वापराच्या हिशेबाने, आणि तेव्हा पत्र्याखालचं स्ट्रक्चर एकदा स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवून. मालक ऐकणार नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना पर्यावरण सांगू नका. गुरुवारी दुपारी चहाच्या निमित्ताने शेडमध्ये बोलवा, सगळं बंद असताना कंप्रेसर दर दोन मिनिटांनी लोड घेतो तो आवाज ऐकवा आणि विचारा, साहेब, ही हवा आत्ता कोण वापरतंय?

तुमच्या लोड-अनलोडच्या दहा फेऱ्या आणि कंट्रोलर पॅनेलवरचे लोड अवर्स, रनिंग अवर्स शुक्रवारी इथे टाका. लोड अवर्स रनिंगच्या निम्म्याहूनही कमी निघाले तर कंप्रेसरच गरजेपेक्षा मोठा आहे, आणि मग हिशेब वेगळा मांडावा लागेल.